आजारी पडण्याआधीचं औषध

इतिहासाच्या सदरात आपण कधी शिवकाळात जातो, कधी पेशवाईत. आजची गोष्ट बरीच अलीकडची आहे, आणि तिचा एक कागद तुमच्या घरातल्या फायलीतही असेल.

ग्रीन कार्डाचा अर्ज अमेरिकेतूनच केला असेल, तर आय-६९३ नावाचा फॉर्म तुम्हाला आठवेल. वैद्यकीय तपासणीचा. तो भरणाऱ्या डॉक्टरला इथे ‘सिव्हिल सर्जन’ म्हणतात. आपल्या मनात सिव्हिल सर्जन म्हणजे जिल्हा रुग्णालयाचा साहेब. इथे त्याचा अर्थ इतकाच, की इमिग्रेशनच्या तपासणीसाठी सरकारने नेमलेला डॉक्टर. हे डॉक्टर रक्त काढतात, आणि २०१८ च्या ऑक्टोबरपासून दोन वर्षांवरच्या प्रत्येकाच्या रक्ताची एक चाचणी होते. बहुतेक ठिकाणी तिला ‘क्वांटिफेरॉन’ म्हणतात. ही चाचणी टीबी झालाय का हे सांगत नाही. टीबीचा जंतू तुमच्या शरीरात कधी शिरला होता का, एवढंच ती सांगते.

आपल्यापैकी अनेकांची ही चाचणी पॉझिटिव्ह येते. मग फुप्फुसाचा एक्स-रे होतो, तो साफ निघतो, डॉक्टर ‘सुप्त क्षय’ असं लिहितात, ग्रीन कार्डाचं काम पुढे सरकतं, आणि कागद फायलीत जातो. सोबत ‘हे औषध घ्या, सल्ला आहे, सक्ती नाही’ असंही सांगितलेलं असतं. आपण म्हणतो, मला काही होत नाही, मग औषध कशाला?

हाच प्रश्न आजच्या गोष्टीचा गाभा आहे. आजारी नसलेल्या माणसाने औषध का घ्यावं? या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेने सत्तर वर्षांपूर्वी शोधलं. नंतर ते विसरली, आणि एचआयव्ही आल्यावर त्या विसरण्याची मोठी किंमत तिला मोजावी लागली. मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट आहे, डॉक्टर नाही. तेव्हा आज मी इतिहास सांगणार. औषधाचं तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

सुरुवात आपल्याच एका माणसापासून करू. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी पोकिप्सी नावाचं गाव आहे. तिथल्या दफनभूमीत आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी आहेत. १८८३ मध्ये त्या जहाजाने न्यूयॉर्कला उतरल्या, न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचं निधन झालं. बाविसावं वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवल्या गेल्या आणि त्या घराच्या जागेत ठेवल्या गेल्या.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगाला दाखवला तो २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेत येण्याच्या आदल्या वर्षी. शत्रू कोण हे कळलं होतं, पण हातात शस्त्र नव्हतं. चांगली हवा, चांगलं अन्न, विश्रांती आणि सॅनेटोरियम, एवढाच तेव्हाचा इलाज. पुढची साठ-पासष्ट वर्षं परिस्थिती साधारण अशीच राहिली.

शस्त्र सापडलं ते पोकिप्सीपासून फार दूर नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर १९१३ मध्ये सुरू झालेलं सी व्ह्यू नावाचं क्षयरोगाचं प्रचंड रुग्णालय होतं. संसर्गाच्या भीतीने तिथल्या गोऱ्या नर्सेस नोकरी सोडून जाऊ लागल्या, तेव्हा शहराने दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय नर्सेसना बोलावलं. त्यांनी ते रुग्णालय वर्षानुवर्षं चालवलं. त्यांना ‘ब्लॅक एंजल्स’ म्हणत. १९५१ मध्ये याच वॉर्डांत डॉ. एडवर्ड रॉबिट्झेक आणि डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी एक नवी गोळी द्यायला सुरुवात केली. ती न्यू जर्सीतल्या नटली गावच्या हॉफमन-ला रोश कंपनीकडून आली होती. गोळीचं नाव आयसोनियाझिड.

जे रुग्ण मरणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, त्यांचा ताप उतरला, भूक परतली, वजन वाढू लागलं. १९५२ च्या सुरुवातीला ही बातमी फुटली आणि वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांचे फोटो देशभर छापून आले. गंमत बघा, हा पदार्थ प्रागमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९१२ मध्येच तयार करून ठेवला होता. चाळीस वर्षं तो कागदावर पडून होता आणि तो कशाला उपयोगी पडेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जुना पदार्थ असल्यामुळे त्याच्यावर कुणाची मक्तेदारी राहिली नाही आणि तो स्वस्तात मिळू लागला. एमबीएच्या वर्गात पेटंटचे फायदे खूप शिकवतात. पेटंट नसल्याचा फायदा गरिबाला कसा होतो, त्याचं हे उदाहरण.

आता पुढची पायरी. न्यूयॉर्कच्याच बेलव्ह्यू रुग्णालयात डॉ. एडिथ लिंकन लहान मुलांचा क्षय बघत होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की आयसोनियाझिड घेणाऱ्या मुलांमध्ये क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत पोचत नाही. म्हणजे हे औषध झालेला आजार बरा करतं, तसं होऊ घातलेला आजार अडवतंही. मग अमेरिकेच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसने शर्ली फेरेबी यांच्या पुढाकाराने हजारो लोकांवर चाचण्या केल्या. क्षयरोग्याच्या घरातली धडधाकट माणसं घेतली, काहींना खरी गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची.

यातली सगळ्यात लक्षात राहणारी चाचणी अलास्कातली. बेथेल गावाच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये क्षयाने थैमान घातलं होतं. डॉ. जॉर्ज कॉमस्टॉक यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथे घरोघरी गोळ्या पोचवल्या. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी स्वतः ती गोळी घेतली आणि आपल्या कुटुंबालाही दिली. वर्षभर औषध घेतलेल्यांमध्ये क्षयाचं प्रमाण दोन तृतीयांशाहून जास्त घटलं, आणि हा फायदा पुढे पंधरा-वीस वर्षं टिकून राहिला.

हे घडतं कसं? क्षयाचा जंतू श्वासातून आत शिरला की बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याच्याभोवती पेशींची तटबंदी उभारते. जंतू मरत नाही, कोंडला जातो. दमत दमत झोपून राहतो. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, आणि त्याच्यापासून दुसऱ्या कुणाला लागण होत नाही. शंभरातल्या पाच ते दहा जणांमध्ये मात्र आयुष्यात कधी तरी तट ढासळतो आणि जंतू बाहेर पडतो. तट मजबूत असतानाच औषध घेतलं, तर कोंडलेले मोजके जंतू तिथल्या तिथे संपतात. आजार झाल्यावर तीन-चार औषधं लागतात, त्याआधी एखाद-दुसऱ्यात भागतं.

इतकं चांगलं औषध हातात असताना मग गाडी अडली कुठे? १९७० मध्ये वॉशिंग्टनमध्ये, कॅपिटल हिलवर. तिथे क्षयाची लागण झाल्यावर २,३२१ सरकारी कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून आयसोनियाझिड दिलं गेलं. त्यातल्या १९ जणांच्या यकृताला इजा झाली आणि दोघांचा मृत्यू झाला. आजारी नसलेल्या माणसाचा औषधाने जीव जाणं ही गोष्ट कोणताही डॉक्टर विसरत नाही. वय वाढतं तसा आणि दारू घेणाऱ्यांना हा धोका जास्त असतो, हे त्यातून कळलं. दर महिन्याला विचारपूस आणि गरज असेल तिथे रक्ततपासणी हा नियम झाला. पण डॉक्टरांचा हात आखडला तो आखडलाच.

त्याच सुमाराला दुसरी गोष्ट घडत होती. क्षयाचे आकडे दरवर्षी खाली येत होते. १९७२ मध्ये फेडरल सरकारने क्षयासाठी वेगळा राखून ठेवलेला निधी थांबवला. आमच्या धंद्यात हे फार ओळखीचं आहे. सर्व्हर वर्षभर बंद पडला नाही की फायनान्सवाले विचारतात, या मेंटेनन्सच्या टीमवर एवढा खर्च कशाला? टीम कमी होते. वर्षभर काही होत नाही आणि त्यांचं खरं ठरतं. मग एका रात्री सगळं कोसळतं. न्यूयॉर्क शहराने १९७० च्या दशकात दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना क्षयाचे दवाखाने आणि घरोघरी जाणारे आरोग्यसेवक कमी केले. १९७८ मध्ये शहरात क्षयाचे १,३०७ रुग्ण होते. हा आकडा इतका लहान होता, की आजार संपतच आला असं वाटावं.

५ जून १९८१ रोजी सीडीसीच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली. पुढे ज्याला एड्स म्हटलं गेलं, त्याची ही पहिली छापील नोंद. एचआयव्ही नेमक्या त्याच पेशींवर घाला घालतो ज्या तटबंदीला माणसं पुरवतात. पहारेकरीच मारले गेले की किल्ल्याचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ज्यांच्या शरीरात क्षयाचा जंतू वर्षानुवर्षं निजला होता, त्यांच्यात तो उठू लागला.

किती वेगाने? याचं उत्तर न्यूयॉर्कच्याच ब्राँक्समधून आलं. माँटेफिओरी रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती केंद्रात डॉ. पीटर सेल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुई टोचून व्यसन केलेल्या लोकांचा पाठपुरावा केला. १९८९ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. एचआयव्ही नसलेल्या ३०३ जणांत एकालाही क्षय झाला नाही. एचआयव्ही असलेल्या २१७ जणांत आठ जणांना झाला. त्यातले सात जण असे होते, की ज्यांची क्षयाची त्वचाचाचणी आधीच पॉझिटिव्ह होती, आणि असे लोक एकूण ४९ होते. हिशेब मांडला तर शंभर माणसांमागे दरवर्षी जवळपास आठ. मघाशी आपण आयुष्यभरात पाच ते दहा म्हटलं. इथे तेवढाच धोका एका वर्षात.

आता विचार करा. ती ४९ माणसं कोण, हे आधी कळू शकत होतं. हातावर एक टोचणी, दोन-तीन दिवसांनी गाठ बघणं, आणि पॉझिटिव्ह आली तर तीस-पस्तीस वर्षांपूर्वी सापडलेली स्वस्तातली गोळी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सीडीसीने एचआयव्ही असलेल्यांना अशी प्रतिबंधक गोळी द्यावी असं सांगितलंही. पण ती गोळी पोचवणारी टीम तर आधीच कमी केली होती.

१९८८ मध्ये हार्लेम रुग्णालयातून क्षयाचे उपचार लिहून देऊन घरी पाठवलेल्या रुग्णांचा मागोवा डॉ. कॅरन ब्रडनी आणि डॉ. जे डॉब्किन यांनी घेतला. दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी उपचार पूर्ण केले नव्हते. अनेकांना घर नव्हतं. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, औषधाला निर्ढावतो. एप्रिल १९९१ मध्ये शहरातल्या रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा पाचातल्या जवळजवळ एकाचा जंतू आयसोनियाझिड आणि रिफाम्पिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद देत नव्हता. हा जंतू एड्सच्या वॉर्डांत शिरला. शेजारच्या खाटेवरून शेजारच्या खाटेवर. न्यूयॉर्क आणि मायामीच्या रुग्णालयांत अशा लागणीतले बहुतेक एचआयव्हीग्रस्त रुग्ण काही आठवड्यांत दगावले. निर्ढावलेल्या जंतूपुढे प्रतिबंधक गोळीचाही उपयोग नव्हता. १९९२ मध्ये शहरात ३,८११ रुग्ण झाले, चौदा वर्षांपूर्वीच्या जवळजवळ तिप्पट.

ही लाट परतवायला जी युक्ती वापरली गेली, तिचं एक मूळ आपल्या देशात आहे. १९५६ मध्ये मद्रासला आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून एक क्षय उपचार केंद्र सुरू केलं. प्रमुख होते डॉ. वॉलेस फॉक्स. सॅनेटोरियमच्या खाटा देशाला पुरणार नाहीत हे उघड होतं. म्हणून त्यांनी काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना झोपडीवजा घरातच औषध दिलं. १९५९ मध्ये निकाल आला. दोन्हीकडचे रुग्ण जवळजवळ सारखेच बरे झाले, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना वेगळा धोकाही झाला नाही. मात्र फॉक्स यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. माणूस कितीही चांगला असला, तरी बरं वाटू लागलं की गोळी घ्यायची विसरतो. म्हणून गोळी समोर द्यावी, समोरच घेऊ द्यावी, या पद्धतीवर त्यांनी भर दिला.

न्यूयॉर्कने १९९२ मध्ये हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर उचलली. डॉ. टॉम फ्रीडन नावाचा तरुण अधिकारी शहराच्या क्षय विभागाचा प्रमुख झाला. आरोग्यसेवक गोळ्या घेऊन रुग्णाकडे जाऊ लागले. घरी, कामाच्या जागी, निवाऱ्यात, प्रसंगी पुलाखाली. कुणाला सबवेचं टोकन, कुणाला जेवणाचं कुपन. दोन वर्षांत रुग्णांचा आकडा ३,८११ वरून २,९९५ वर आला आणि पुढे उतरतच गेला. वाचवलेल्या पैशाची परतफेड किती झाली? या साथीवर शहराचा एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला असा अंदाज आहे. फ्रीडन १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतर्फे भारतात गेले आणि २००२ पर्यंत तिथल्या सुधारित राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमासाठी काम करत राहिले. मद्रासची शिदोरी न्यूयॉर्कमार्गे परत मायदेशी पोचली. पुढे ते सीडीसीचे संचालकही झाले.

पण मंडळी, हे सगळं झालेल्या आजाराच्या उपचाराचं. आजार होण्याआधीच्या गोळीचं काय? एचआयव्ही असलेल्या माणसाला तिचा फायदा होतो, याचा भक्कम पुरावा १९९३ मध्ये हैतीहून आला. डॉ. जाँ पाप यांनी काही एचआयव्हीबाधितांना वर्षभर आयसोनियाझिड दिलं, काहींना फक्त ब-६ जीवनसत्त्व. नुसतं जीवनसत्त्व घेणाऱ्यांत शंभरामागे वर्षाला साडेसात जणांना क्षय झाला, गोळी घेणाऱ्यांत सुमारे दोघांना. १९९६ नंतर एचआयव्हीची जोरकस औषधं आली आणि तटबंदीला पहारेकरी परत मिळू लागले. तेव्हा अनेकांना वाटलं, आता क्षयाच्या गोळीची गरज संपली. आयव्हरी कोस्टमधल्या २,०५६ जणांवरच्या मोठ्या चाचणीने ते खोटं ठरवलं. तिचे निकाल २०१५ आणि २०१७ मध्ये आले. एचआयव्हीची औषधं लवकर सुरू करावीतच, पण सोबत सहा महिने आयसोनियाझिड दिलं तर मृत्यू आणखी घटतात, तब्बल एक तृतीयांशाहून अधिक.

या गोष्टीत आपलं पुणंही येतं. ससून रुग्णालय आणि बी. जे. मेडिकल कॉलेज तिथे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर बरीच वर्षं एकत्र संशोधन करत आले आहेत. २००२ ते २००५ या काळात एचआयव्ही असलेल्या ७१५ बाळंतिणींचा पाठपुरावा तिथे झाला. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत त्यातल्या २४ जणींना क्षय झाला, तिघी गेल्या. आईला क्षय झाला तर बाळाच्या जिवाचा धोकाही कित्येक पट वाढतो हे त्यातून दिसलं. बाळंतिणीचा खोकला आपल्याकडे ‘अशक्तपणा’ म्हणून किती वेळा उडवून लावला जातो, ते आठवून बघा.

मग प्रश्न आला, या बायकांना प्रतिबंधक गोळी कधी द्यावी? गरोदरपणातच, की बाळंतपणानंतर? आठ देशांतल्या ९५६ स्त्रियांवर चाचणी झाली, पुणे त्यातलं एक ठिकाण. डॉ. अमिता गुप्ता यांच्या नेतृत्वाखालच्या या कामाचा निकाल २०१९ मध्ये आला आणि त्याने सगळ्यांना थबकायला लावलं. एचआयव्हीचं औषध चालू असलेल्या या स्त्रियांत क्षयाचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच कमी होतं. पण गरोदरपणातच गोळी सुरू केलेल्यांमध्ये गर्भ दगावणं, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ होणं अशा अडचणी जास्त दिसल्या. शंभरात चोवीसच्या आसपास, तर बाळंतपणानंतर सुरू केलेल्यांत सतरा. कॅपिटल हिलचा धडा पुन्हा एकदा. निरोगी माणसाला दिलेल्या औषधाचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो. औषध चांगलं आहे म्हणून ते डोळे झाकून द्यायचं नसतं.

मधल्या काळात औषधाचा कालावधीही आक्रसला. कॉमस्टॉकच्या काळात वर्षभर रोज गोळी, मग नऊ महिने, सहा महिने. २०११ मध्ये आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, फक्त बारा वेळा घेतलं तरी चालतं हे सिद्ध झालं. २०१९ मध्ये एचआयव्हीबाधितांवरच्या एका मोठ्या चाचणीत हीच जोडी रोज, महिनाभर घेऊन काम भागतं हे दिसलं. जी गोळी घ्यायला वर्षभर धीर लागायचा, ती आता एका महिन्यात आवरते.

म्हणजे औषध आहे, पुरावा आहे, कालावधी लहान आहे. राहिलं काय? राहिली भीती आणि लाज.

अमेरिकेनेही ही भीती कायद्यात लिहून ठेवली होती. १९८७ मध्ये एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला देशात प्रवेश नाकारण्याचं धोरण आलं, १९९३ मध्ये ते कायद्यात पक्कं झालं. ग्रीन कार्डाच्या तपासणीत एचआयव्हीची चाचणी सक्तीची होती. या बंदीमुळे १९९० नंतर जागतिक एड्स परिषद अमेरिकेत भरलीच नाही. ४ जानेवारी २०१० रोजी बंदी उठली, आणि २०१२ मध्ये परिषद वॉशिंग्टनला परतली. आज आय-६९३ साठी एचआयव्हीची चाचणी मागत नाहीत. पण आपल्या समाजात ती बंदी अजून उठलेली नाही. ती आपल्या बैठकीच्या खोल्यांत आहे. मंडळाच्या गणपतीत मधुमेहावर मोकळेपणाने गप्पा होतात, गुडघ्याच्या ऑपरेशनवर तर होतातच. टीबीचं नाव निघालं की आवाज खाली जातो, आणि एचआयव्हीचं नाव निघतच नाही. ‘आपल्यात असं काही नसतं’ हे वाक्य त्यासाठीच असतं. ज्यांच्यात असतं, ते ऐकतात आणि आणखी गप्प होतात.

आता तुमच्या-माझ्या कामाचं सांगतो.

भारतात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे ३१ टक्क्यांच्या शरीरात क्षयाचा जंतू आढळला होता. तेव्हा चाचणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे घराण्याला बट्टा नाही, तो मायदेशाच्या हवेचा हिशेब आहे. अमेरिकेत आज क्षय होणाऱ्यांपैकी बहुतेकांचा आजार हा असा जुना, निजलेला जंतू उठल्यामुळे होतो, आणि रुग्णांच्या जन्मदेशांच्या यादीत भारत वरच्या काही देशांत आहे. लहानपणी दंडावर टोचलेली बीसीजी मुलांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते, पण मोठेपणी तिच्या भरवशावर राहू नका. ‘बीसीजीमुळेच पॉझिटिव्ह आलं असेल’ हे त्वचाचाचणीबाबत खरं असू शकतं. रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.

चाचणी पॉझिटिव्ह आली असेल आणि औषध घेतलं नसेल, तर तो कागद फायलीतून काढा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. सोबत एचआयव्हीचीही चाचणी करून घ्या. सुप्त क्षय निघाला की ती करावी अशी इथल्या आरोग्य खात्याची शिफारसच आहे. तुमच्या चारित्र्याचा त्यात काही प्रश्न नाही, तटबंदीवर पहारेकरी किती आहेत एवढंच बघायचं असतं. उलट बाजूने, घरात कुणाला एचआयव्ही असेल तर त्यांची क्षयाची चाचणी झाली आहे का हे जरूर विचारा. भारतात असलेल्या नातलगांसाठीही हे लागू आहे. तिथल्या सरकारी एआरटी केंद्रांवर क्षयप्रतिबंधक औषध मिळतं.

औषध घेताना डॉक्टरांना तीन गोष्टी सांगाच. यकृताचा काही त्रास आहे का, दारू किती घेता, आणि दुसरी कोणती औषधं चालू आहेत. रिफाम्पिन आणि रिफापेंटिन ही औषधं एचआयव्हीच्या काही गोळ्यांचा, गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा जोर कमी करू शकतात. गरोदर असाल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर तेही. औषध चालू असताना भूक गेली, मळमळ झाली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच फोन करा. फक्त रिफाम्पिनच्या जातीच्या औषधाने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. अनेक काउंट्यांच्या आरोग्य खात्यात हे उपचार मोफत किंवा नाममात्र खर्चात होतात.

आणि एक विनंती. कुणी विश्वासाने सांगितलं, ‘मला टीबीचं औषध चालू आहे’ किंवा ‘मला एचआयव्ही आहे’, तर पहिला प्रश्न ‘कसा काय झाला?’ असा नको. ‘औषध घेतोस ना वेळेवर? काही लागलं तर सांग’ एवढं पुरे. हार्लेममध्ये दहातले नऊ जण औषध सोडून गेले, ते औषध वाईट होतं म्हणून नाही. त्यांची विचारपूस करणारं कुणी नव्हतं. मद्रासच्या झोपडीत औषध लागू पडलं, त्यात गोळीइतकाच वाटा दार ठोठावणाऱ्या माणसाचा होता. आपल्या माणसांचं दार ठोठावायला आपल्याला सरकारी खातं लागत नाही.

आजच्यापुरतं इतकंच. हा भाग संग्रहात राहील, ज्यांना ऐकवावासा वाटेल त्यांना जरूर पाठवा. काळजी घ्या, एकमेकांची चौकशी करत राहा.